भिंगरीने धरलेला हातचा

मित्रांनो, मी एक जुना ट्रे आहे. पत्र्याचा, लांबट आणि दोन कानांचा. कान म्हणजे माझ्या धरायच्या मुठी. पण या घरात त्यांना कानच म्हणतात. त्यामुळे काही चूक नसताना ज्याचे रोज कान धरले जातात, असा इथे मी एकटाच.

माझा जन्म पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. कुणाचे बोट कापू नये म्हणून त्याने माझ्या कडा आत दुमडल्या आणि लाकडी हातोडीने ठोकून मला आकार दिला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण नाही आले, ट्रेपण तेवढे आले. कारागिराच्या बायकोने माझ्यावर गुलाब रंगवले. त्या दोघांचे उपकार मी विसरलेलो नाही.

मग मी या घरात आलो. पाहुण्यांसमोर चहा घेऊन जायचा मान माझा होता. "अगंबाई, काय गोड ट्रे आहे!" असे कोणी म्हटले, की माझ्या पत्र्यावर मूठभर मांस चढायचे. पुढे गुलाबांचे पोपडे निघाले, एक कोपरा चेपला, घरात प्लॅस्टिकचा पांढराशुभ्र ट्रे आला आणि माझी रवानगी फ्रिजमागच्या फटीत झाली. नव्याचे नऊ दिवस असतात; जुन्याचे किती, ते कोणी सांगत नाही. झुरळांच्या शेजारी राहताना मला फार वाईट वाटायचे.

मी बाहेर आलो तो भिंगरीमुळे. भिंगरी हे या घरातले शेंडेफळ. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी! तिची ताई आणि दादा शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. सकाळी जेवणाचे टेबल पुसले, की तिथेच त्यांचा वर्ग भरतो आणि आई त्यांची बाई होते. भिंगरीलाही त्या टेबलाशी जागा हवी होती. "मी पण अभ्यास करणार!" म्हणत ती मध्येच घुसायची, ताईचा नकाशा ओढायची, दादाच्या बेरजेवर फुली मारायची. दादाची बेरीज तशीही चुकायचीच, कारण तो हातचा मिळवायला हमखास विसरायचा. खापर मात्र भिंगरीवर फोडायचा.

शेवटी आई बाबांना म्हणाली, "हिच्यापायी दोघांचा अभ्यास होत नाही. हिला बालवाडीत घालूया का?" आता बालवाडी काही वाईट नसते, पण भिंगरीला बसायचे होते ते याच टेबलाशी. तिने सगळे ऐकले. ती गुपचूप खुर्चीवर चढली आणि "हाताची घडी, तोंडावर बोट" करू लागली. दोन्ही एकदम कसे करायचे ते काही तिला जमेना. तिची ती धडपड पाहून आई विरघळली.

"बरं, महिनाभर बघू," आई म्हणाली, आणि तिला मी आठवलो.

मला घासूनपुसून टेबलाच्या टोकाला बसवले. माझ्यावर रोज भिंगरीसाठी नवे काम. एकदा आईने पीठ पसरले, बोटाने रेघोट्या मारायला. भिंगरीला शिंक आली आणि दादा भुरा झाला. एकदा पाणी ओतायला दोन पेले दिले, तर ताईच्या नकाशातल्या वाळवंटात समुद्र आला. मग चित्रे झाली, मणी झाले. थोडा वेळ गेला, की भिंगरी मला ढकलायची.

"हा अभ्यास नाहीये. हा खेळ आहे. मला दादासारखा पाहिजे."

आईने हात टेकले. महिना संपत आला तशी मलाही पुन्हा फ्रिजमागची फट दिसू लागली.

एका सकाळी आईने माझ्यावर रंगीत बटणे ओतली, रंग वेगळे करायला. शेजारी दादाची बेरीज चालली होती.

"आठ आणि सात पंधरा. पाच खाली, हातचा एक," आई म्हणाली. "मग? कुठाय तुझा हातचा?"

"राहिला," दादा डोके खाजवत म्हणाला.

"रोज कसा राहतो? जरा सांभाळून ठेव ना!"

भिंगरीने कान टवकारले. तिने एक मोठे लाल बटण उचलले, मुठीत घट्ट धरले आणि मूठ दादापुढे उघडली.

"हा घे. माझ्या हातचा एक."

ताई टेबलावर डोके ठेवून हसली. दादाही हसणारच होता. पण बटण पाहून त्याला आठवले आणि त्याने दशकात एक मिळवला. उत्तर बरोबर आले! पुढच्या बेरजेला तो स्वतःच म्हणाला, "भिंगरे, हातचा धर." आणि कधी एका जागी न बसणारी ती मुलगी मूठ आवळून पुतळ्यासारखी बसली. एखाद्या बेरजेत हातचा नसला, तर हिरमुसून विचारायची, "तरी देऊ का?"

महिनाअखेरीस बाबांनी विचारले, "मग, बालवाडीत चौकशी करू?"

आईच्या आधी दादाच ओरडला, "नाही हं! मग माझा हातचा कोण धरणार?"

इतके दिवस आई भिंगरीला गुंतवायला काम शोधत होती. भिंगरीला हवे होते ते तिच्यावाचून कुणाचे तरी अडेल असे काम. हे आईने हसत हसत कबूल केले, आणि टेबलाशी चौथी खुर्ची कायमची लागली.

मित्रांनो, जुन्या ट्रेला फ्रिजमागे टाकू नका; त्याच्यात अजून पुष्कळ दम असतो. आणि "मी पण" म्हणत येणाऱ्या धाकट्यांना हुसकावू नका. त्यांना जागा कशी द्यायची, ते आमच्या दादाकडून शिका. काल त्याने कोणाच्याही मदतीशिवाय हातचा आठवणीने मिळवला. सगळ्यांनी शाबासकी दिली. भिंगरीचा चेहरा मात्र एवढासा झाला. बटण तिच्या मुठीतच राहिले होते. दादाने ते पाहिले. पुढच्या बेरजेत तो लिहिता लिहिता थांबला, त्याने डोके खाजवले आणि तिच्यापुढे हात पसरला.

"अरेच्चा, हातचा राहिला की गं!"