इमानाचं झाकण

सावळीरामने लहानपणी डोंगरात पडलेलं विमान पाहिलं होतं, ही गोष्ट आमच्या सातपूरच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणालाच मान्य नाही. त्याच्या बायकोला, कुसाबाईला, तर मुळीच नाही. कारखान्यातून यायला उशीर झाला की ती दारातच विचारायची, "काय, विमान आडवं आलं का?" तो निवृत्त झाला, तरी प्रश्न निवृत्त झाला नाही.

यंदा डॉक्टरांनी त्याचे दोन्ही गुडघे बदलायचं ठरवलं. सावळीराम माझ्याकडे आला.

"नवे गुडघे घेऊन डोंगर चढायचा नाही म्हणतात. त्याआधी हिला ते विमान दाखवायचंय. नाहीतर माझ्या दहाव्याला ही कावळ्याला सांगेल, जपून रे बाबा, थापाड्याचा पिंड आहे."

मी गाडी काढली. मैत्रीखातर नव्हे. विमान सापडलं नाही की त्याचा चेहरा कसा होतो, ते मला बघायचं होतं.

पेठ रस्त्याने करंजाळी मागे टाकली आणि त्याच्या जुन्या पाड्याच्या अलीकडे गाडी लावली. कुसाबाईने घरूनच पिठल्याचं पातेलं, वर झाकण, झाकणावर भाकऱ्या असं सगळं फडक्यात घट्ट बांधून आणलं होतं. ते तिने नवऱ्याच्या सॅकमध्ये घातलं.

"सांडवू नका. आणि भाऊजी, तुम्ही यांच्या मागून चाला. हे पडले तर पिठलं धरा."

समोर चांगली मळलेली पायवाट होती. सावळीराम ती सोडून कारवीच्या झुडपांत शिरला.

"अरे, वाट इकडं आहे!"

"त्या वाटेनं देऊळ लागतं. विमान काय वाट बघून पडतं?"

मग आम्ही काटे काढत, घसरत, एकमेकांना ओढत चढलो. सावळीरामचे गुडघे पावलागणिक कुरकुरत होते, आणि त्यांच्या सुरात सूर मिसळून तो सांगत होता : वैमानिक छत्रीने आधीच उतरला, पाड्यात नागलीची भाकरी खाऊन गेला; मागाहून लॉरीवाल्यांनी इंजिन नेलं, बाकीचं धूड तिथंच राहिलं.

शेवटी एक खोलगट जागा आली. मधे उंबर, उंबराखाली गवत, गवतात एक गाय. विमान नव्हतं.

"इथंच होतं," सावळीराम म्हणाला. "पंख ह्या उंबराला टेकला होता."

त्याने गवतात काठी फिरवली. गाय उठून गेली. मी ज्याच्यासाठी आलो होतो तो चेहरा समोर होता, आणि तो बघवेना. आता कुसाबाईच्या तोंडाचा पट्टा सुटणार, म्हणून मी खाली बघत उभा राहिलो.

"उंबर तर आहे ना," ती हळूच म्हणाली.

सावळीराम दचकला. "अगं, थापाड्या म्हण की!"

"गुडघे दुखताहेत का हो?"

तो काठी टेकत आमच्या पुढे उतरायला लागला.

खाली पाड्यातलं पहिलंच घर तानुबाई नावाच्या म्हातारीचं. तिने ओळख विचारायच्या आधी पाणी दिलं आणि जेवायला अंगणात बसवलं. कुसाबाईने फडकं सोडलं, तशी म्हातारी पुढे वाकली.

"बया! तुझ्याकडंबी इमानाचं झाकण?"

कुसाबाई चपापली. "तुम्हाला काय माहीत, मावशी? सासूबाईंनी मला एकटीला जवळ बोलावून दिलं होतं. म्हणाल्या, इमानाचं झाकण हाय, जप."

कुसाबाईचे वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कारकून. घरात बोलणं शुद्ध. इमान म्हणजे इमान, त्याला दुसरा अर्थ नाही. सुनेने घरातलं घरात झाकून ठेवावं, हा सासूचा उपदेश तिने गाठीशी बांधला होता.

"आजवर जपलं," ती पदराशी चाळा करत म्हणाली. "यांचं सगळं झाकलं. एक विमान सोडून."

तानुबाई पोट धरून हसली. "आगं, ते इमान नाय! हे इमान!" आणि तिने हात आभाळात घूं करत नेला. "पडलं तवा आख्ख्या पाड्यानं पत्रा कापून आणला. कुणी झाकण केलं, कुणी खुराड्याचं दार. लय हलका, गंजत नाय."

तिने चुलीवरचं आपलं झाकण आणून शेजारी ठेवलं. तसाच किंचित बाक, काठाला तशीच रिव्हेटांची ओळ.

सावळीरामने दोन्ही झाकणांच्या काठावरून बोट फिरवलं. "म्हणजे मी विमान पाठीवर घेऊन विमान शोधत होतो?"

"आणि रोज त्याच्याखालचा भात खात होतास," मी म्हणालो.

"भूक लागल्यावर झाकणाकडे कोण बघतं?"

कुसाबाईने झाकण पदराने पुसलं, उलटं केलं, त्यात भाकरी-पिठलं वाढून त्याच्यापुढे ठेवलं.

"पटलं का आता?" त्याने विचारलं.

"पिठलं गार होतंय."

"कुसा, पटलं का?"

"पटलं म्हणते ना! जेवा."

हल्ली कुसाबाई स्वतः ते झाकण कॉलनीत दाखवते. कुणाचा विश्वास बसत नाही. साक्षीदार म्हणून ती माझं नाव सांगते, त्यामुळे उरलासुरलाही उडतो.

गुडघे बदलले त्या आठवड्यात ती रोज दवाखान्यात जेवण न्यायची. एक दिवस उशीर झाला. सावळीराम पलंगावरून म्हणाला, "काय, विमान लेट?"

कुसाबाईने पातेल्यावरचं झाकण उचललं. वाफ त्याच्या तोंडावर गेली.

"हो," ती म्हणाली. "वाटेत ढग होते."