भोपळ्याचे दात

मुसकीचा पट्टा पाचव्या भोकात ढिला होतो आणि सहाव्यात घट्ट... मधे भोकच नाही, बनवणाऱ्यानं ठरवूनच टाकलंय की कुत्र्यांची थोबाडं दोनच मापांची असणार. तो गुडघ्यावर बसून पितळी बकलाचा काटा रेटतोय. काटा दोनदा सटकतो, तिसऱ्यांदा सरळ अंगठ्याच्या नखाखाली घुसतो. रक्त येतं, थोडंच. भोपळ्या ते चाटायला जीभ काढतो आणि जीभ जाळीला लागून थांबते.

"थोडे दिवस रे," तो म्हणतो. आठ दिवस झाले हेच म्हणतोय.

भोपळ्या बारा वर्षांचा, बसला की पोट चहूकडं पसरतं, म्हणून भोपळ्या. ठिणगी दोन वर्षांची, खाटेखाली डाव्या कुशीवर पडलेली, कारण उजव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडल्यात. तिच्या श्वासाला एक बारीक शिट्टी आहे. ती शिट्टी ऐकू आली की त्याचा जबडा आवळतो — आवळतो म्हणजे काय, आठ दिवसांत सुटलाच नाहीये, सकाळी उठतो तेव्हा कानापर्यंत ठणकत असतो, ब्रशसुद्धा आत जात नाही नीट.

भिंतीला मोटरच्या खोक्याचा पुठ्ठा टेकवलाय. त्यावर मार्करनं तीन शहरं. लिफ्ट कंपनीच्या तीन शाखांत जागा आहे आणि साहेबांना आज पाचपर्यंत सांगायचंय कुठं जाणार ते. एक समुद्राचं, एक डोंगराचं, एक ताईचं. लोक शहर निवडताना काय बघतात कोण जाणे, पगार, पाणी, पोरी... हा बघतोय की डांबर किती तापतं, मोकळं मैदान किती पावलांवर आहे, जिने किती. समुद्राच्या शहरात चौथ्या मजल्यावर दोन खोल्या मिळतायत, लिफ्ट आहे, पण चावलेल्या कुत्र्यांना लिफ्टबंदी. म्हणजे मी दिवसभर लोकांच्या लिफ्टा नीट करणार आणि संध्याकाळी पस्तीस किलोच्या भोपळ्याला कडेवर घेऊन चार जिने चढणार. डोंगराच्या शहरात तळमजला आहे, अंगण आहे, पण घरमालकीण म्हणाली चावलेलं कुत्रं असेल तर नको, डॉक्टरचा कागद आणा. आणि ताई म्हणाली ये, मागची खोली तुझीच आहे, ती छोटी कुत्री पण चालेल. म्हातारा नको. घरात बाळ रांगतंय.

तिन्ही शहरं एकाच प्रश्नावर येऊन थांबतात. चावतो का?

आणि इथं राहायचं म्हटलं तर रविवारपर्यंत. वरच्या मजल्यावरच्यानं तक्रार केलीय, रविवारी पालिकेची गाडी येईल आणि भोपळ्याला नेईल. बारा वर्षांच्या चावऱ्या कुत्र्याला नेतात ते परत आणायला नेत नाहीत.

कामावर निघाला तर जिन्यात वरचा भेटला. वरचा गाडी शिकवतो, कमरेला चाव्यांचा जुडगा, डाव्या हाताला कोपराखाली पांढरं बँडेज. दोघंही थांबले. जिना अरुंद आहे, कुणीतरी एकानं भिंतीला चिकटायला लागतं, आणि आठ दिवसांपूर्वीपर्यंत ते आपोआप व्हायचं.

"अजून आहेस?"

"रविवारपर्यंत म्हणालात."

"म्हणालो. शब्दाचा पक्का आहे मी. पाच सुया घेतोय तुझ्या कुत्र्यापायी."

वरचा हे बोलताना खाली बंद दाराकडं बघत नव्हता. माझ्या तोंडाकडं बघत होता, ओठांकडं. म्हणजे माहीत आहे याला. त्याला कसं माहीत नसणार...

"मग तक्रारीत खरं लिहा ना," तो म्हणाला.

वरचा एक पायरी खाली आला. हळू बोलला, शिकाऊ माणसाला क्लच समजावतात तसं. "हे बघ. कुत्रं चावलं म्हटलं की लोक हळहळतात, पाणी विचारतात. दुसरं काही चावलं म्हटलं की हसतात. शिकायला कोण येईल माझ्याकडं? माझं कुत्र्यावर भागतंय, तुझंही भागतंय. मुकं जनावर, ते काय साक्ष देणार. जा की बाबा कुठंतरी. मोठं आहे जग."

चौथ्या पायरीला लोखंडी पट्टी आहे. तो पट्टीकडं बघत राहिला. वरच्याचं डोकं तिथं कसं लागेल, कुठल्या कोनात, कानाच्या मागं लागलं तर आवाज कसा येईल... हे सगळं इतकं सरळ, इतकं मापात दिसलं की त्यालाच गार वाटलं. तो भिंतीला चिकटला. वरचा गेला.

आठ दिवसांपूर्वी, त्या संध्याकाळी लाईट गेली होती. ठिणगी वर कशी गेली माहीत नाही, वरच्याच्या दारातल्या मटणाच्या पिशवीचा वास आला असेल. आधी लाथेचा आवाज आला. मग ठिणगी जिन्यावरून घरंगळत आली, आणि तो आवाज — ओल्या पोत्यात काटक्या मोडल्यासारखा — आणि वरून, "दुसऱ्यांदा आली तर मारूनच टाकीन." तो कसा पोचला ते आठवत नाही. गुडघा वरच्याच्या छातीत होता एवढं आठवतं. वरच्याचा अंगठा त्याच्या डोळ्यात होता, खोल, रंग फुटत होते आत, आणि वरच्यानं त्याला ढकलायला हात आडवा घातला तो बरोबर तोंडावर आला. केस, घाम, डिझेलचा वास. कातडं आधी ताणलं. मग फुटलं. त्यानं सोडलं नाही. मान हलवली... दोन्हीकडं, एकदा, दोनदा. आणि हे कुणाला सांगता येणार नाही, पण त्या क्षणी शांत वाटलं. अंगातलं सगळं एका जागी आलं आणि तिथून गेलं.

मग लाईट आली. दारं उघडली. वरचा हात धरून बसलेला, आणि भोपळ्या, जो आयुष्यात कधी भांडणात पडला नाही, जो त्या सगळ्या वेळात कोपऱ्यात मुतला होता, तो त्या हातापाशी येऊन रक्त चाटत होता. माणसाचं लागलं की तो चाटतो. त्याचं तोंड लाल झालेलं. समोरची म्हातारी म्हणाली, "अगं बाई, कुत्रं चावलं." झालं. तोवर त्यानं बाहीनं स्वतःचं तोंड पुसलं होतं. बोलायला एक क्षण होता. तो त्यानं गिळला. तोंडात जे होतं त्याच्याबरोबर.

कामावर आज एकच कॉल होता. सहा मजली इमारत, लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मधे अडकलेली, आत नवरा-बायको. वर मशीनच्या खोलीत जाऊन त्यानं मेन बंद केला, ब्रेकचा दांडा लावला. यात एक नियम आहे, साहेबांनी पहिल्या दिवशी कानफटात मारल्यासारखा शिकवलेला: ब्रेक हातानं सोडायच्या आधी आतल्यांना ओरडून सांगायचं. अंधारात अडकलेल्या माणसाला लिफ्टचा डबा हललेला कळत नाही, त्याला वाटतं पडलो, आणि तो दारात हात घालतो. तुटतो हात. लिफ्ट रिकामीसारखी असली तर दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन जड, ती खाली नाही, वर जाते, आणि माणसाला तेच जास्त भयंकर वाटतं.

"काहीतरी धरून ठेवा," तो ओरडला. "आता हलणार आहे."

"अर्धा तास झाला, झोपला होतास काय?" आतून नवरा. मग दोन शिव्या, आईवरून. दांडा हातात होता. पूर्ण दाबूनच धरला तर... तो दांड्यावरच्या हाताकडं बघत राहिला. हा हात कुणाचा आहे? हा बाबांचा आहे, हुबेहूब, मनगटाच्या हाडासकट. त्यानं दांडा बोटभर दाबला, सोडला. बोटभर दाबला, सोडला. डबा वर गेला.

दुपारी सुट्टी घेऊन तो भोपळ्याला प्राण्यांच्या डॉक्टरबाईंकडं घेऊन गेला. डॉक्टरबाईंनी मुसकी काढली, ओठ वर केला आणि तसाच धरून ठेवला.

"सुळे कुठायत याचे?"

"लहानपणी दगड चावायचा."

"खालचे मुळापासून गेलेत. वरचे झिजून मणी झालेत. भिजवलेलंच खातो ना?"

"हो."

"मग यानं माणसाला भोकं कशी पाडली?"

भोपळ्याला वाटलं त्याच्याबद्दल चांगलं बोलणं चाललंय, शेपटी टेबलावर आपटली. डॉक्टरबाई हात धुवायला वळल्या, बराच वेळ धुतले.

"मी बघितलं ते लिहिते. सुळे नाहीत. चावण्याचा रकाना मोकळा ठेवते. पण पालिकेत तक्रार आहे म्हणता, ती माझ्या कागदानं मागं जायची नाही. ते विचारतील मग चावलं कोण. ते कुणीतरी तोंडानं सांगायला लागेल."

सही केली. त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन तो कागद पुठ्ठ्याशेजारी ठेवून बसला. रकान्यात 'नाही' लिहिलं की तिन्ही शहरं उघडतात. पण 'नाही' लिहिलं की मग... पोलीस, नोकरी, ते सगळं जाऊ दे. ते भीतीदायक नाहीये.

आईच्या दंडावर एक खूण होती. अर्धा चंद्र वर, अर्धा खाली. मी सात वर्षांचा होतो. आई दंड धरून बाहेर आली आणि शेजारचे विचारायला लागले, आणि ती म्हणाली कुत्र्यानं. बाबा तिच्या मागं दारात उभे होते, मिशी पुसत. आमच्याकडं बुटक्या होता, राखाडी, गुडघ्याएवढा. माणसं काठ्या घेऊन आली. बाबांनीही घेतली. मला म्हणाले, दोरी धर. मी धरली. बुटक्याला वाटलं फिरायला चाललोय. दुसऱ्या फटक्यापर्यंत त्याची शेपटी हलत होती. दोरीतून प्रत्येक फटका हातात येत होता, मासा लागल्यासारखा, आणि शेवटी शेवटी नुसतं वजन आलं. मी सोडली नाही. मला माहीत होतं कोण चावलंय — मी बघितलं होतं, दाराच्या फटीतून — आणि मी दोरी सोडली नाही. ताई आत होती, खिडकी लावून.

पाचला दहा कमी. साहेबांचा फोन आला. "ठरलं का रे? का नाणं उडवू मी?"

"दहा मिनिटं, साहेब."

"गाव निवडतोयस का बायको?"

त्यानं ठेवला आणि ताईला लावला. मागं बाळ काहीतरी ठोकत होतं, वाटीच असणार.

"बोल. म्हाताऱ्याची सोय झाली?"

"नाही."

"अरे कुणालातरी देऊन टाक ना. राग येईल तुला, पण चावरं कुत्रं घरात नकोच. आपलं आठवत नाही का? आईला केवढं चावलं होतं ते. जाईपर्यंत होती खूण. मला अजून स्वप्नं पडतात."

म्हणजे ताईला माहीत नाही. वीस वर्षं... वीस वर्षं तिच्या स्वप्नात बुटक्या चावतोय.

त्यानं फोन खांद्याशी धरून भोपळ्याची मुसकी सोडली. या वेळी काटा लगेच निघाला. बोट आत घातलं, हिरड्यांवरून फिरवलं, मऊ, ओलं, कुठंही काही टोचेना. भोपळ्यानं तोंड मिटलं, हळूच, बोटाला दुखणार नाही इतपत, आणि तसंच धरून ठेवलं. खाटेखालची शिट्टी चालूच होती.

"ऐकतोयस ना? हॅलो?"

"ताई, बाळाला खाली ठेव."

"का रे?"

"ठेव. आणि काहीतरी धरून बस."

पलीकडं वाटीचा आवाज थांबला. कानाखाली काहीतरी कट्‌ वाजलं, दुखलं, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्याचा जबडा सुटला, तोंड उघडं राहिलं, आत हवा गेली, आणि त्याला कळेना आधी बाबांचं सांगायचं की आपलं...