मुनेहिसाची सही

त्या जपानी तलवारीवरची सही मी वाचली. मी. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या शोधावर नाव भलत्याच माणसाचं लागणार होतं.

मी ज्ञानदा आवटी, मूळची इचलकरंजीची. जर्मनीत डार्मश्टाटला धातूंवर पीएचडी करते. पुण्यात इंजिनिअरिंग करताना सगळे जपानी शिकत होते, म्हणजे जपानी कंपनीत नोकरी लागते म्हणे. म्हणून मीही शिकले. नोकरी काही लागली नाही. पण एका छोट्या म्युझियमच्या प्रमुख, फ्राऊ एबर्ट, म्हणजे एबर्टबाई, त्यांच्याकडची जुनी तलवार आमच्या संस्थेत घेऊन आल्या, तेव्हा ते जपानी कामी आलं. तलवार खरी की नकली, एवढंच त्यांना हवं होतं.

जपानी कारागीर सही करतो ती मुठीच्या आत लपणाऱ्या टोकावर. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला तारीख. तिथला गंज घासायचा नसतो, कारण त्यावरूनच तलवारीचं वय कळतं. माझे बॉस डॉक्टर होल्त्सर नेमका तोच घासायला निघाले होते. मी त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला, थोडी बेबी पावडर भुरभुरली आणि दिवा आडवा धरला. अक्षरं उठून दिसली. कारागीर मुनेहिसा. बुन्का काळाचं दुसरं वर्ष, आठवा महिना. म्हणजे १८०५.

घोळ इथेच होता. हा मुनेहिसा त्याच वर्षी सहाव्या महिन्यात वारला, असं त्याच्या गावच्या देवळातल्या दगडावर कोरलेलं आहे. मेलेला माणूस दोन महिन्यांनी सही कशी करेल?

"नकली," होल्त्सर म्हणाले आणि कॉफी प्यायला गेले.

मला काही ते पटेना. इतकी सुंदर नक्कल करणारा माणूस तारखेतच असा गाढवपणा करेल? रविवारी बाबांना फोन केला तेव्हा त्यांच्यापुढे हेच रडगाणं गायले. बाबांचं छोटं वर्कशॉप आहे, यंत्रमागाचे सुटे भाग करतात. ते हसायलाच लागले.

"अगं, त्यात काय एवढं? आपलं लेथ मशीन आलं जुलैत. लगेच चालू केलं, ऑर्डर पडून होती. पण त्याच्यावर तारीख बघ, दसऱ्याची हाय."

"मग रंगवली कधी? दसऱ्याला?"

"छे! मशीन आलं त्याच दिवशी. रंगारी पुन्हा कुठं गावणार? अन् चांगल्या वस्तूवर आषाढातली तारीख कोण घालतंय?"

त्यांनी लगेच मशीनचा फोटोही पाठवला. माझी झोप उडाली. तारखा असलेल्या जेवढ्या तलवारींचे फोटो मिळाले तेवढे पाहिले. बहुतेकींवर दुसरा महिना, नाहीतर आठवा. बाकीचे महिने हे लोक काय झोपा काढत होते? अर्थात नाही. ती रीतच होती. तलवार कधीही होवो, तारीख चांगल्या महिन्याची घालायची. मुनेहिसानं मरण्याआधी तलवार केली आणि पुढे येणारा आठवा महिना कोरला. त्याच्या दुसऱ्या, निर्विवाद खऱ्या तलवारीवरचे छिन्नीचे घाव मी ताडून पाहिले. हात एकच होता. मी होल्त्सरना तलवारींचे आणि बाबांच्या मशीनचा फोटो पाठवून सगळं समजावून सांगितलं.

म्युझियमला अहवाल गेला तेव्हा त्यावर एकच नाव होतं, डॉक्टर होल्त्सर. मी जाऊन विचारलं.

"हे बघा, फ्राऊ आवटी," ते म्हणाले, "आपण एक टीम आहोत. आणि तुमचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये वाढवायचंय, नाही का? जरा मोठ्या मनानं घ्या."

कॉन्ट्रॅक्ट गेलं की पीएचडी अर्धवट, आणि आउफेंटहाल्ट्सटिटेलचे, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचे, वांधे. मी गिळलं. कसं गिळलं ते माझं मला ठाऊक.

मग म्युझियममध्ये त्यांचं व्याख्यान झालं. हॉल भरलेला, पहिल्या रांगेत फ्राऊ एबर्ट, मी मागे भिंतीजवळ. "इथे मला एक कल्पना सुचली," होल्त्सर म्हणाले आणि पडद्यावर आलं बाबांचं लेथ मशीन. खाली लिहिलं होतं, 'भारतातल्या माझ्या अभ्यासातून. कारखाना, १९२०.'

हा माणूस भारतात एकदाच आला होता, गोव्याला, सुट्टीवर. तलवार घेतली तेव्हा मी गप्प बसले. पण माझा बाप? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले.

"डॉक्टर होल्त्सर, त्या मशीनवर काय लिहिलंय, वाचून दाखवता का?"

"प्रश्न शेवटी घेऊ."

"आत्ता घेऊ. सही आणि तारीख वाचणं हाच तर आजचा विषय आहे."

लोक वळून पाहायला लागले. होल्त्सर हसले. "तारीख खाली दिलीच आहे. १९२०. मोबाइलनं वाचली."

"ते शके १९२०. आमच्या पंचांगाचं वर्ष. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे. हे मशीन १९९८चं आहे, आणि आजही चालू आहे. वर लिहिलंय विजयादशमी, खाली नाव नागेश आवटी. ते माझे बाबा. ही कल्पना त्यांच्या बोलण्यातून मला सुचली, आणि तलवारीवरची सही मी वाचली. ज्ञानदा आवटी. लिहून घ्या हवं तर."

फ्राऊ एबर्टनी चष्मा काढून आधी पडद्याकडे पाहिलं, मग होल्त्सरकडे.

"तुम्हाला हे वाचता येत नाही?" त्यांनी विचारलं.

होल्त्सर माइक सोडून माझ्यापर्यंत चालत आले. चेहरा लालबुंद. मला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "तुमच्या कॉन्ट्रॅक्टबद्दल आपण उद्या माझ्या ऑफिसात बोलू."

माझा आवाज बापाचा निघाला, चालू मशीनवरूनही पलीकडे ऐकू जाणारा.

"उद्या कशाला? कॉन्ट्रॅक्टबद्दल काय बोलायचं ते इथेच बोला. मोठ्यानं बोला, सगळ्यांना ऐकू दे."