वॉर्ड दोनची नवी मतदार

सुकेशनीनं मतदार नोंदणीचा फॉर्म ओट्यावर पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर आपला चष्म्याचा डबा ठेवला. अंगणवाडी सांभाळून गावाच्या मतदार यादीचं कामही तिच्याच गळ्यात पडलं होतं. संस्कृतीला गेल्याच आठवड्यात अठरा पूर्ण झाली होती.

"पोरीच्या नावापुढं माहं नाव टाक," पदराला हात पुसत बाहेर आलेली गोजराबाई म्हणाली. "आई म्हणून."

सुकेशनीचं पेन थांबलं. संस्कृती ही गोजराबाईची पोटची, तिसरी पोर, हे साऱ्या गावाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त कागदाला.

मेडशीजवळच्या या गावात वॉर्ड दोननं जगदेवला, गोजराबाईच्या नवऱ्याला, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोनदा पाडलं. एकदा अकरा मतांनी. दुसऱ्यांदा मतं सारखी पडली आणि चिठ्ठी विरोधकाची निघाली. पण जगदेव दूरचं पाहणारा. दोनपेक्षा जास्त लेकरं असली की उमेदवारी जाते, हे त्याला पाठ होतं. हरीओम आणि लखननंतर मुलगी झाली, तेव्हा त्यानं ती रिसोडच्या धाकट्या भावाच्या नावावर लावून टाकली. भावजय रूपाबाईला मूल नव्हतंच. पोर मात्र इथंच वाढली.

पुढं जागा बाईसाठी राखीव झाली. गोजराबाई सात मतांनी निवडून आली आणि पडलेल्या बाईनं तिसरं लेकरू लपवल्याची तक्रार ठोकली. चौकशीला साहेब येणार होते. गोजराबाईनं आठ दिवस चुलीपुढं बसवून सहा वर्षांच्या पोरीकडून एक वाक्य घोटून घेतलं. दर वेळी पोर विचारायची, "बरोबर म्हणलं?" गोजराबाई मान हलवायची आणि गुळाचा एक खडा द्यायची.

साहेबापुढं पोर चुकली नाही. सदस्यपद टिकलं. वॉर्डात सिमेंटचा रस्ता झाला, तोही आता उखडला आहे. पण त्या दिवसापासून पोरीनं गोजराबाईला पुन्हा कधी आई म्हटलं नाही; म्हटलं ते मोठी आई, थोरल्या काकूला म्हणतात तसं. आधी कुणी ऐकेल म्हणून, मग सवयीनं.

"दाखल्यावर, आधारवर, सगळीकडं रूपाबाई हायेत," सुकेशनी म्हणाली. "तुमी खरं काय ते लिहून द्या, सही करा. मी वर इचारून पायते."

"येडी झाली काय तू?" बाजेवरून जगदेव उठून बसला. "फसवलं म्हून सोताच लिहून देतं? उद्या मले आत टाकतीन."

"टाकू द्या," गोजराबाई म्हणाली. "यादीत तरी पोरगी माही म्हून छापून येऊ द्या."

तिनं पेन मागून घेतलं. बारा वर्षं तिला हे एवढंच हवं होतं.

संस्कृती पायरीवर बसून सारं ऐकत होती. ती उठली, गोजराबाईच्या हातातून पेन काढून घेतलं आणि रकाना स्वतःच भरला. सुकेशनीनं वाचलं.

"आईचं नाव रूपाबाईच ना, पोरी?"

संस्कृतीनं समोरच्या भिंतीकडं पाहिलं.

"माही आई रिसोडले राह्यते. हे मोठी आई हाय."

एका दमात, कुठंही न अडखळता. मग तिनं सही केली. आत गेली आणि फळीवरचा गुळाचा डबा घेऊन आली. एक खडा काढून तिनं गोजराबाईच्या हातावर ठेवला.

"बरोबर म्हणलं?"

जगदेव पुन्हा बाजेवर आडवा झाला. सुकेशनी खाली मान घालून फॉर्मची घडी करत राहिली.

गोजराबाईनं मान हलवली.