लाल बल्ब उडाला नव्हता

दुर्गाबाई गेल्याचं गल्लीत कळलं, तेव्हा मी लागलेलाच होतो. मित्रांनो, मी वडगावातल्या एका घरातल्या, साड्या विणायच्या यंत्रमागाच्या खोलीतला जुना लाल बल्ब आहे.

माग चालू असला की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून माझे मालक सुबराव यांनी मला मागावर टांगलं आणि माझं बटण आतल्या खोलीत, बायकोच्या खाटेजवळ बसवलं. दुर्गाबाईंना दमा होता. मी लागलो की सुबराव माग बंद करून धावत. बारा वर्षं असंच चाललं.

"माज्यापरास त्या बल्बाचं लई ऐकतासा," दुर्गाबाई म्हणायच्या.

"बल्ब बडबडत न्हाय गं."

त्या हसायच्या, मग खोकायच्या.

पुढे मागाच्या चौकटीला दोरीनं मोबाईल बांधला गेला. सुबरावांची मान खाली गेली ती गेलीच. डोळे सुजले, झोप उडाली, साड्यांत चुका पडू लागल्या. मी लागायचो, ते उशिरा उठायचे.

"मीबी मोबाईलात शिरू व्हय? मग तरी बघशिला," दुर्गाबाई एकदा म्हणाल्या.

"एवढं संपलं की येतो," ते म्हणाले. बघतच होते.

त्या मंगळवारी दुपारी मी लागलो. मोबाईलमध्ये एक माणूस म्हशीवरून चिखलात पडत होता. सुबराव हसत होते. त्यांनी मान वर केली आणि मला बघितलं.

"थांब गं, एवढं बघतो."

मागाच्या आवाजात हे दुर्गाबाईंना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मी विझलो, लागलो, परत विझलो. शेवटी लागलो तो लागूनच राहिलो. सुबरावांनी आणखी सात व्हिडिओ बघितले.

नंतर कळलं, दम्याचा पंप खाटेखाली घरंगळला होता. वाकून उचलून द्यायचा, एवढंच काम होतं.

संध्याकाळी निपाणीहून मुलगी आली, दिपाली. तोवर माझं बटण बंद झालं होतं. "आप्पा, बल्ब लागला न्हाय काय?"

"उडालता गं. जुना हाय."

"मेल्या बल्बानं घात केला," म्हणत तिनं बापाचे डोळे पुसले. "तुमचा काय दोष न्हाय, आप्पा." त्यांनी पुसू दिले.

बारावं झाल्यावर त्यांनी मला काढलं आणि कागदात गुंडाळून फळीवर ठेवलं. टाकून देणं काही जमलं नाही.

मित्रांनो, घरच्या माणसानं बोलावलं की हातातलं टाकून उठा. मोबाईलमधलं कधी संपत नाही. माणूस संपतं.

मला आजही लावून बघा, मी लागतो. दिपालीला हे सांगायचं अजून राहिलं आहे.