पोथीला नेसवलेलं लुगडं

मित्रांनो, मी एक जुना लाल रुमाल आहे. नाक पुसायचा नव्हे, पोथी बांधायचा.

जन्माने मी लुगडं. विलेपार्ल्याच्या उत्तराबाईंना पहिल्या दिवाळसणाला माहेरून मिळालेलं. त्यांचे यजमान मार्तंडराव यांना हस्तलिखितं जमवायचा नाद. पहिली पोथी घरी आली ती उघडीच. दुसरं कापड हाताशी नव्हतं, म्हणून त्यांनी माझा चौकोन कापला.

"अहो, पोथीला नेसवलंत, आता मी काय नेसू?" उत्तराबाई कडाडल्या. पण गाठ त्यांनीच मारली. घट्ट.

पुढच्या पोथ्या पांढऱ्या मांजरपाटात बांधल्या गेल्या. लाल मी एकटाच. दसऱ्याला पोथ्यांची पूजा असे. त्याआधी उत्तराबाई मला रिठ्याच्या पाण्यात धूत. दर वर्षी थोडा रंग बादलीत जाई. मी विटत चाललो होतो. फार वाईट वाटे.

मार्तंडराव गेले. 'संग्रह मोडू नका, देशाला द्या,' एवढंच सांगून गेले. १९८६ साली तो संग्रह राष्ट्रीय वारसा म्हणून स्वीकारला गेला. चंद्रप्रकाश नावाचे तरुण सरकारी अधिकारी पोथ्या न्यायला आले. मला पाहून थबकले.

"काकू, हे कापड नको. दमट हवेत लाल रंग सुटतो. पानं खराब होतील."

उत्तराबाईंनी पोथी छातीशी धरली. "उघडी आली होती रे ही घरात. उघडी नाही पाठवायची."

"नियम आहे, काकू."

"मग ही राहू दे इथेच."

संग्रह मोडणार होता, तोही माझ्यापायी.

"थांबा, बघू तर," म्हणत चंद्रप्रकाशांनी ओला कापूस माझ्या कोपऱ्यावर दाबून धरला. उचलला. पांढराच!

"यात सुटायला रंग उरलाय कुठे? धुऊन धुऊन काढलात की सगळा!"

"मग? कापड धुवायचं नाही होय?"

ज्या विटण्याचं मी दुःख करत होतो, त्यानेच मला तारलं.

चंद्रप्रकाशांनी पोथी तपासून माझ्यातच बांधली. उत्तराबाईंनी गाठ सोडली. "सैल आहे. पुन्हा बांध." दुसरी गाठ त्यांनी बोटाने चाचपली आणि हात मागे घेतला. डोळे मात्र माझ्यावरच होते.

आता मी सरकारी ग्रंथसंग्रहातल्या लोखंडी कपाटात असतो. अभ्यासक येतात, मला सोडतात, पोथी वाचतात. तुम्हीही या. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी विनवत, की तेलापासून, पाण्यापासून आणि सैल गाठीपासून हिला जपा. तेल आणि पाणी इथले लोक सांभाळतात. मित्रांनो, गाठ तेवढी तुमच्या हातात आहे.