अकरा फळ्या

पेत्रा म्हातारीला लेकीच्या घरी येऊन चार महिने झाले होते. या चार महिन्यांत हेर्दिसच्या डोळ्याला डोळा लागला असेल तर तो शाळेच्या जिन्यात, पोछ्याच्या दांड्यावर डोकं टेकून. बाई साठीला आलेली. सकाळी शाळेच्या फरशा पुसायच्या, दुपारी घरी येऊन आईला सांभाळायचं, आणि आई झोपत नाही म्हणून आपणही झोपायचं नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी म्हातारी जेवणाच्या ताटावर पेंगायची आणि पलंगावर आडवी झाली की टक्क जागी. पडल्या पडल्या तिचा हात डोक्यावरून भिंतीला लागायचा. एक बोट भिंतीवरून पायांच्या दिशेने सरकू लागायचं, ओठ हलायचे. एक, दोन, तीन. पाच-सहापर्यंत गेलं की बोट अडायचं, परत मागे यायचं, पुन्हा अडायचं. मग म्हातारी ताडकन उठून बसायची. "ही माझी भिंत नव्हे," म्हणायची, झोपायच्या कपड्यांवर कोट चढवायची आणि बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्याकडे चालू लागायची. मागून हेर्दिस, एका पायात बूट, दुसऱ्यात सपाता.

बेटावर आता जायचं कुठे? घर हिवाळ्यातच विकलं होतं. घेणारं जोडपं ऑस्लोचं. त्यांनी आतल्या जुन्या लाकडी भिंती उचकटून शेगडीत घातल्या, ही बातमी फेरीबोटीवरच्या माणसाने हेर्दिसला अगदी आवर्जून सांगितली होती. काही लोकांना असल्या बातम्या पोचवल्याशिवाय घास उतरत नाही.

अशात नगरपालिकेचं पत्र आलं. वृद्धनिवासात एक खोली रिकामी झाली आहे. पुढच्या शुक्रवारी बारापर्यंत हो की नाही ते कळवा, नाहीतर खोली पुढच्याला जाईल. हेर्दिसने पत्र साखरेच्या भांड्याखाली ठेवलं. हो म्हणावंसं तिला वाटत होतं, आणि तसं वाटतं याचीच तिला लाज वाटत होती. आईने आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, मला तिथे नको पाठवूस. पण माणसाने झोपेशिवाय जगायचं तरी किती दिवस?

शनिवारी दुपारी आई न्हाणीघरात होती, तेव्हा चादर सारखी करता करता हेर्दिस तशीच पलंगावर कलंडली. भिंतीकडेला. आई आली, बाहेरच्या बाजूला पडली. आणि तिचा हात हेर्दिसच्या अंगावरून भिंतीकडे गेला.

तेव्हा हेर्दिसला आठवलं. पाच-सहा वर्षांची होती ती. बाबा कॉड मासे पकडायला दूर लोफोतेनला गेले की आख्खा हिवाळा ती आईजवळ भिंतीकडेला झोपायची. बाहेर वारा घर हलवायचा, आणि आईचा हात असाच तिच्या अंगावरून जाऊन फळ्यांमधल्या खाचा मोजायचा. अकरा. अकरा झाल्या की तो हात जड व्हायचा आणि तिच्या अंगावरच झोपून जायचा. इथे मात्र जिप्समची गुळगुळीत भिंत. बोटाला लागायला काही नव्हतंच.

हेर्दिस पडल्या पडल्या त्या बोटाकडे बघत राहिली. बोट नुसतं सरकत नव्हतं, थांबत थांबत जात होतं. तिने स्वयंपाकघरातून पेन्सिल आणली आणि बोट जिथे थांबलं तिथे बारीक रेघ मारली. रविवारी पुन्हा, सोमवारी पुन्हा. पलंगाच्या खांबापासून मोजलं तर तिन्ही दिवसांच्या रेघा जवळजवळ एकमेकींवर पडत होत्या. आईला लेकीचं नाव आठवत नव्हतं, पण हाताला भिंत पाठ होती.

मंगळवारी ती रेघांचा कागद घेऊन लाकडाच्या वखारीत गेली. तिथला ओडवार तिच्याच वर्गातला. शाळेत मागच्या बाकावर बसून हिच्या वेण्या बाकाला बांधणारा.

"काय गं, कुणाच्या मयतीला चाललीस?" तो म्हणाला.

"माझ्याच. त्याआधी फळ्या दाखव. खाच-जिभेच्या, एकीत एक अडकणाऱ्या, उभ्या लावायच्या. पण मापात गडबड आहे बघ. एक तेरा सेंटिमीटर, एक दहा, पुन्हा तेरा, पुन्हा दहा. आईचा हात थरथरतो, म्हणून असेल."

भिंतीवरच्या बोटाची आणि धक्क्याची गोष्ट तिने थोडक्यात सांगितली. ओडवारने चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि कागद नीट पाहिला.

"हात नाही थरथरत तिचा. बेटावरचं घर ना? जुने सुतार फळी बुंध्याकडे रुंद आणि शेंड्याकडे अरुंद, तशीच ठेवायचे. एक सुलट लावायची, एक उलट. पलंगाच्या उंचीला रुंद, अरुंद, रुंद, अरुंद असंच येणार. म्हातारीने मिलिमीटर चुकवला नाही बघ! माझ्याकडे कामाला ठेवतो तिला."

हेर्दिस हसली नाही. तिला रडूच येत होतं. ती मांडणीकडे गेली आणि चिठ्ठीवर तेरा लिहिलेल्या फळ्या बाहेर ओढू लागली.

"ठेव, ठेव त्या," ओडवार म्हणाला. "इथेच सगळे फसतात. तेरा हे जिभेसकट माप. जीभ शेजारणीच्या खाचेत जाते, भिंतीवर दिसत नाही. म्हणजे उरले किती? बारा. अकरा फळ्यांत अकरा सेंटिमीटर गायब. म्हातारी पोचेल बाराव्या फळीवर, आणि तू पुन्हा धक्क्यावर."

"मग?"

"मग चौदाच्या घे. अरुंद तयार मिळायच्या नाहीत, त्या मी यंत्रावर कापून नवीन खाच पाडून देतो. पण लाकूड दोन आठवडे खोलीत पडू दे. घरच्या हवेला मुरलं की मग लाव."

"माझ्याकडे शुक्रवार दुपारपर्यंत वेळ आहे."

"वेडी आहेस का? हिवाळ्यात हीटर लागला की सुकून आकसेल. फटी पडतील बोटभर."

"पडू दे. तिला फटीच हव्या आहेत."

 रंग कुठला, एवढंच ओडवारने विचारलं. हेर्दिस म्हणाली, रंग नको, ती डोळ्यांनी बघतच नाही. बुधवारी त्याने फळ्या घरी पोचवल्या. गुरुवारी हेर्दिसने शाळेत रजा टाकली, म्हातारीला वृद्धांच्या दिवसभराच्या केंद्रात नेऊन सोडलं आणि दोघांनी काम काढलं. छत एका बाजूला उतरतं होतं, त्यामुळे प्रत्येक फळीची उंची वेगळी मोजावी लागली. हेर्दिस माप सांगायची, दमून आकडे उलटसुलट करायची, ओडवार शिव्या घालायचा आणि गुपचूप स्वतः पुन्हा मोजायचा. खांबापासून सहाव्या फळीपर्यंत प्रत्येक खाच रेघेवर बरोबर बसली, पुढच्या अकरापर्यंत त्याच क्रमाने लावल्या. पुढची भिंत त्यांनी हाती लागेल त्या फळ्यांनी भरली.

तीनला म्हातारी आली. साखरेचा खडा दातात धरून तिने कॉफी घेतली. खोलीत आल्यावर ओल्या पाइनचा वास तिने नाकाने ओढून घेतला. पलंगावर पडली. हात वर गेला. बोट पहिल्या खाचेत उतरलं आणि तिथे थोडं थांबलं. हेर्दिस दारात उभी होती. 

एक. दोन. पाचवर नेहमीसारखी अडेल असं वाटलं, पण बोट खाच ओलांडून पुढे गेलं. सात. आठ. म्हातारीच्या कपाळावरची आठी विरली. अकराला हात थांबला, डोळे मिटले.

कचेरी बंद व्हायला दहा मिनिटं होती. हेर्दिस स्वयंपाकघरात गेली, साखरेच्या भांड्याखालचं पत्र काढलं आणि नंबर फिरवला.

"खोली नको," ती हळू आवाजात म्हणाली.

"पुन्हा कधी निघेल सांगता येत नाही," पलीकडची बाई म्हणाली. "वर्षसुद्धा लागेल."

"नको. पुढच्यांना द्या."

 फोन ठेवून ती खोलीत आली आणि खुर्चीत बसली. वाटलं, आता इथेच बसल्या बसल्या झोपावं, उद्या सकाळपर्यंत. तेवढ्यात आईने डोळे उघडले. चार महिन्यांत पहिल्यांदा त्या डोळ्यांत भीती नव्हती. पाहुण्याकडे बघावं तशी ती हेर्दिसकडे बघत होती, शांत, आपल्या घरात असल्यासारखी.

"अगंबाई, अजून आहेस तू?" ती म्हणाली. "दिवसभर माझ्यासाठी राबलीस. किती दमलेली दिसतेस. आता घरी जा, पोरी. आई वाट बघत असेल तुझी."

 हेर्दिसने पांघरूण आईच्या खांद्यापर्यंत ओढलं.

"जाते," ती म्हणाली. "आई झोपली की जाते."

"हां, तसंच कर," पेत्रा म्हणाली, आणि भिंतीकडे वळून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.